ऑर्डर आली, पार्सल परत आलं: ड्रॉपशिपिंगचा खरा हिशेब

मोबाइल उघडला की ती रील हमखास समोर येते. कुणीतरी पडद्यावर आकडे दाखवतं आणि सांगतं, माल नाही, गोदाम नाही, भांडवल नाही, तरी महिन्याला लाख रुपये. खाली कोर्सची लिंक. दारव्हा, मूर्तिजापूर, आर्वी किंवा तुमसरला बसून हे पाहणाऱ्या पोराला एकच प्रश्न पडतो: यात खरं किती?

धंदा खरा आहे. पडद्यावरचे आकडेही खरे असू शकतात. पण ते आलेल्या ऑर्डरींचे असतात. ऑर्डर आणि विक्री यांच्यामध्ये एक कुरिअरवाला, एक अर्धवट पत्ता आणि शेतात गेलेला ग्राहक उभा असतो. विदर्भाच्या खेड्यात नवं ऑनलाइन दुकान जगतं की बुडतं, ते याच टप्प्यात ठरतं.

ड्रॉपशिपिंग म्हणजे नेमकं काय?

एप्रिलचं ऊन तापलं की गावातल्या किराणा दुकानदाराकडे कुणीतरी कूलर मागतं. त्याच्याकडे कूलर नसतो. तो यवतमाळच्या किंवा नागपूरच्या व्यापाऱ्याला फोन करतो, व्यापारी मालाच्या गाडीत कूलर टाकतो आणि तो थेट गिऱ्हाइकाच्या दारात उतरतो. दुकानदाराने कूलरला हातही लावलेला नसतो, मधला फरक मात्र त्याचा. ड्रॉपशिपिंग म्हणजे हेच, फक्त दुकान वेबसाइटवर आणि गिऱ्हाईक दहा जिल्ह्यांत.

पुरवठादार माल सांभाळतो, कुरिअर तो वाहून नेतं. तुमच्या वाट्याला उरतं ते ग्राहक शोधणं, त्याचा विश्वास बसवणं आणि पार्सल त्याच्या हातात पडेपर्यंत पिच्छा पुरवणं. किराणा दुकानदाराला यातलं दुसरं काम करावंच लागत नाही, कारण गिऱ्हाईक त्याच्या तीन पिढ्या ओळखतं. तुम्हाला कुणी ओळखत नाही.

१०० ऑर्डरींचा हिशेब

एक वस्तू धरू. कापूस वेचताना कमरेला बांधायची, मोठ्या खिशाची कापडी ओटी, दोन नगांचा जोड. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमचे वेगळे येतील. विक्री ५९९ रुपये, पुरवठादाराचा भाव २१०, कुरिअर ८५, आणि एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर झालेला खर्च १२०.

रीलवाला ५९९ मधून २१० वजा करतो आणि ३८९ रुपये नफा सांगतो. कुरिअर आणि जाहिरात धरली तर उरतात १८४. तेही प्रत्येक पार्सल स्वीकारलं गेलं तर.

खेड्यातल्या बहुतेक ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच्या, म्हणजे सीओडीच्या असतात: आधी पार्सल, मग पैसे. ग्राहकाने पार्सल घेतलं नाही तर ते पाठवणाऱ्याकडे परत फिरतं. त्याला कुरिअरच्या भाषेत आरटीओ म्हणतात. (गाडीच्या लायसनवाल्या आरटीओशी संबंध नाही, डोकेदुखी मात्र तेवढीच.) परतीचं भाडं समजा ६५ रुपये.

आता १०० ऑर्डरींपैकी ३० परत आल्या असं धरा. ७० पार्सलांचे ४१,९३० रुपये मिळाले. खर्चात त्या ७० जोडांचे १४,७००, परत आलेल्यांपैकी मळलेल्या-फाटलेल्या ५ जोडांचे १,०५०, जातानाचं भाडं शंभरही पार्सलांचं ८,५००, परतीचं १,९५० आणि जाहिरात १२,०००. एकूण ३८,२००. हातात राहिले ३,७३०, आणि त्यातून जीएसटीचा फरक, वेबसाइटचं भाडं, फोनचा खर्च जायचाच आहे. ४० परत आल्या आणि खराब जोड ७ धरले, तर सरळ १,२३० रुपये तोटा.

आता उलट बाजू. जाहिरात तीच, भाव तोच, पण परत येणारी पार्सलं ३० ऐवजी १५. मिळाले ५०,९१५, खर्च ३९,७४५ (खराब जोड २ धरून), उरले ११,१७०. म्हणजे तिप्पट. नवा दुकानदार जाहिरातीचा खर्च १२० वरून १०० वर आणायला रात्री जागतो. तेवढं जमलं तरी ३० परतीच्या हिशेबात २,००० रुपयेच वाचतात. परतीची पार्सलं निम्मी केली तर ७,४४० वाचतात, आणि त्याला लागतो एक फोन आणि एक वही.

पार्सल परत का येतं?

पहिलं कारण पत्ता. शहरात फ्लॅट नंबर असतो, खेड्यात 'मु. पो. वडगाव' एवढंच. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वडगाव, पिंपळगाव, बोरगाव या नावांची गावं शोधायला बसा, बोटं पुरणार नाहीत. शिवाय पिनकोड गावाचा नसून पोस्टाचा असतो, आणि ग्राहक अनेकदा तालुक्याचाच टाकतो. म्हणून ऑर्डरच्या फॉर्ममध्ये 'पत्ता' असा एकच रकाना ठेवू नका. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड वेगवेगळे घ्या, 'घराजवळची खूण' सक्तीची करा (हनुमान मंदिर, पाण्याची टाकी, ग्रामपंचायत) आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा मोबाइल नंबर घ्या. हा दुसरा नंबर सोन्यासारखा. शेतात रेंज नसते, आणि डिलिव्हरी बॉय दोनदा फोन करून पुढे जातो.

दुसरं कारण, कुरिअर गावात येतच नाही. तालुक्याच्या शाखेतून फोन येतो, 'येऊन घेऊन जा'. ५९९ च्या मालासाठी २० किलोमीटर कोण जाईल? कुरिअर कंपनीच्या यादीत पिनकोड दिसतो म्हणून पोच घरापर्यंत असेल असं समजू नका. जिथे खासगी कुरिअर दारापर्यंत जात नाही, तिथे पोस्ट बरं पडतं. पोस्टमनला गावातलं प्रत्येक दार माहीत असतं.

तिसरं, पैसे. कापूस-सोयाबीन विकेपर्यंत अनेक घरांत रोख नसते. रात्री रील पाहून ऑर्डर देतो एक जण, आणि दुपारी दारात पार्सल आल्यावर घरात असते त्याची आई. तिला यातलं काही माहीत नसतं. सातव्या-आठव्या दिवशी पार्सल पोचलं, तर ज्याने मागवलं त्यालाही आठवत नाही.

यावर उपाय एकच आणि कंटाळवाणा: ऑर्डर आल्यापासून काही तासांत फोन, आणि तो ग्राहकाच्या बोलीत. "भाऊ, तुमी ओटीची जोडी बोलावली होती ना? बुधवारी नाही त गुरवारी येते. घरी कोन राहीन? पाचशे नव्याण्णव तयार ठेवसान." एवढ्या बोलण्यात पत्ता तपासला जातो, दिवस ठरतो, पैशाची आठवण राहते, आणि पलीकडे माणूस आहे हे कळतं. दोन दिवसांत तीनदा फोन करूनही उचलला नाही तर ऑर्डर पाठवू नका. मनाला लागतं, पण न पाठवलेलं पार्सल १५० रुपयांचं जाण्या-येण्याचं भाडं वाचवतं.

शंका वाटली तर यूपीआयवर ५० रुपये आगाऊ मागा आणि बाकीचे सीओडी ठेवा. पूर्ण पैसे आधी देणाऱ्याला ४० रुपये सूट द्या. तुमचे त्याहून जास्त वाचतात.

कुरिअरच्या पोर्टलवर रोज संध्याकाळी 'डिलिव्हरी झाली नाही' अशी यादी येते. तिच्यात 'ग्राहक उपलब्ध नाही' लिहिलेलं दिसलं की त्याच संध्याकाळी ग्राहकाला विचारा. "मला त कोनाचा फोनच नाही आला" हे उत्तर इतक्यांदा मिळतं की शाखेला फोन करून पुन्हा फेरी लावायला सांगणं हा रोजच्या कामाचाच भाग धरावा. साधारण तीन फेऱ्यांनंतर पार्सल परतीच्या वाटेला लागतं, आणि मग ते थांबवणं अवघड.

वस्तू निवडताना

हलकी, न फुटणारी, मापाची भानगड नसलेली आणि गावच्या आठवडी बाजारात सहज न मिळणारी. खरेदीच्या अडीच ते तीनपट किमतीला विकता येत नसेल, तर वरच्या हिशेबात ती टिकणार नाही. डब्याच्या आकाराकडेही पाहा. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि जे वजन जास्त येईल त्याचं भाडं लावतात. ३० × २५ × १५ चा डबा प्रत्यक्षात ६०० ग्रॅमचा असला तरी सव्वादोन किलोचा धरला जातो. ओटीची घडी प्लास्टिकच्या कुरिअर पिशवीत अर्ध्या किलोच्या आत बसते, म्हणून ती उदाहरणाला घेतली.

काही गोष्टींना हात लावू नका. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा आहे, मोबाइलच्या चार्जरलाही बीआयएसची नोंदणी लागते. बियाणं आणि कीटकनाशकाला परवाना लागतो. मधुमेह बरा करतो असं सांगून चूर्णांची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली गुन्हा आहे. नामांकित कंपनीची नक्कल तर नकोच नको.

माल सुरतेहून किंवा दिल्लीहूनच यायला हवा असं नाही. नागपूरच्या गांधीबाग-इतवारीत ठोक व्यापारी आहेत, आणि ओटीसारखी वस्तू तालुक्यातला शिवणकाम करणारा बचत गटही शिवून देतो. जवळचा पुरवठादार असला की पार्सल दोन-तीन दिवसांत पोचतं, आणि लवकर पोचलेलं पार्सल परत कमी येतं. पुरवठादार कुणीही असो, चार गोष्टी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: २४ तासांत माल निघेल का, शिल्लक रोज कळवणार का, परतीचा माल घेणार का, आणि पार्सलात स्वतःचं कार्ड टाकणार नाही ना. शेवटची अट विसरलात तर दुसऱ्या वेळी तुमचा ग्राहक त्यालाच फोन करेल. जाहिरात सुरू करण्याआधी तीन नमुने स्वतः मागवा: एक आपल्या घरी, एक आडगावच्या नातेवाइकाकडे, एक दूरच्या जिल्ह्यात. किती दिवस लागले ते वहीत लिहा.

जाहिरात कशी लावायची?

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पोस्टखाली 'बूस्ट' असं बटण असतं. ते दाबलं की लाइक येतात, ऑर्डरी क्वचित. अ‍ॅड्स मॅनेजर उघडून उद्दिष्ट 'सेल्स' निवडा. आधी वेबसाइटवर पिक्सेल बसवा. पिक्सेल म्हणजे कोडचा छोटा तुकडा. कोण आलं, काय पाहिलं, कुणी ऑर्डर दिली हे तो मेटाला, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीला, कळवतो. तो नसेल तर यंत्रणा आंधळी.

व्हिडिओ २०-२५ सेकंदांचा, मोबाइलवरच काढलेला, पुरवठादाराचा उसना घेतलेला नव्हे. पहिल्या तीन सेकंदांत अडचण दिसली पाहिजे: साडीच्या ओच्यात कापूस भरून वाकलेली बाई. मग ओटी बांधलेली, मग भरलेला खिसा गाठोड्यावर रिकामा होताना. भाव आणि 'घरी आल्यावर पैसे' हे स्पष्ट मराठीत. एकाच वस्तूचे तीन वेगळे व्हिडिओ करा आणि तिन्ही एकाच जाहिरात संचात (अ‍ॅड सेटमध्ये) ठेवा. जिल्हे कापसाचे निवडा: यवतमाळ, अमरावती, अकोला, वर्धा. भातपट्ट्यातल्या भंडारा-गोंदियात ओटीची जाहिरात दाखवणं म्हणजे पैसे वैनगंगेत सोडणं.

रोजचे ३०० रुपये ठीक. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. ८४७ रुपयांची जाहिरात चालली की बिल १,००० च्या घरात जातं. आता एक गोष्ट समजून घ्या. मेटाची यंत्रणा कुणाला जाहिरात दाखवायची हे शिकत असते. या शिकण्याच्या टप्प्यातून बाहेर पडायला तिला आठवड्यात साधारण ५० ऑर्डरी लागतात. ऑर्डरमागे १२० रुपये धरले तर ते ६,००० झाले. तुमचे आठवड्याचे २,१०० रुपये जेमतेम १७ ऑर्डरी आणतील. म्हणजे यंत्रणा शिकतच राहील, आणि एका दिवसाच्या चढ-उताराला काही अर्थ नसेल. सोमवारी शून्य ऑर्डरी आल्या म्हणून मंगळवारी व्हिडिओ बदलला, बुधवारी जिल्हा बदलला, की शिकणं पुन्हा पहिल्यापासून. रोज धान उपटून मूळ धरलं का ते पाहिल्यासारखं. पाच-सहा दिवस हात लावू नका.

मग गळती कुठे आहे ते पाहा. लोक पाहतात पण दाबत नाहीत, तर दोष व्हिडिओत. दाबतात पण ऑर्डर देत नाहीत, तर पान उशिरा उघडतंय, भाव जड वाटतोय किंवा पानावर फोन नंबर नाही. ऑर्डर देतात पण पार्सल घेत नाहीत, तर वरचा फोनवाला भाग पुन्हा वाचा.

एकदा घेतलेला ग्राहक

त्याला पुन्हा विकायला जाहिरातीचे १२० रुपये लागत नाहीत, म्हणून तो सर्वांत स्वस्त. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यात वस्तूंची यादी लावता येते आणि ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना एकत्र निरोप जातो. अट अशी की ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मिळतो. म्हणून पार्सलात छोटी चिठ्ठी घाला: 'नंबर सेव्ह करा, शिवण उसवली तर फोटो पाठवा, नवा जोड देऊ.' शब्द दिला तर पाळा. गावात एका घरी चांगली ओटी आली की वेचणीला सोबत जाणाऱ्या बाया ती पाहतातच. गावाच्या ग्रुपवर मात्र रोज जाहिरात टाकू नका. आधी मनातून उतरता, मग ग्रुपमधून.

'हेच मोठ्या अ‍ॅपवर स्वस्त मिळतं, आमच्याकडून कोण घेईल?'

तीच वस्तू, तोच फोटो असेल तर कुणीच नाही. भावात त्यांच्याशी लढू नका. जे तिथे सापडत नाही ते विका, किंवा तिथे कळत नाही ते समजावून सांगा. मराठीत बोलणारा, फोन उचलणारा दुकानदार हीच तुमची बाजू. तेही जमणार नसेल तर आधी त्या अ‍ॅपवरच विक्रेता व्हा. कमी नफ्यात शिकायला मिळेल.

'चीनहून थेट मागवलं तर?'

परदेशी व्हिडिओंमध्ये जी अ‍ॅलीएक्सप्रेस दाखवतात, तिच्यावर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे. दुसऱ्या वाटेने आणलं तरी सीमाशुल्क आणि आठवडे-आठवडे वाट. सीओडीचा ग्राहक एवढा थांबत नाही.

'जीएसटी नंबर लागतोच का?'

स्वतःच्या वेबसाइटवरून महाराष्ट्राबाहेर माल विकलात तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. ४० लाखांच्या उलाढालीची सूट तिथे चालत नाही. फक्त राज्यातच विकलं तर ती सूट आहे. मोठ्या अ‍ॅपवरून विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांनाही १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीला नोंदणीऐवजी फक्त नावनोंदणी क्रमांक पुरतो. पुरवठादार सुरतेचा, विक्रेता यवतमाळचा, ग्राहक वाशिमचा अशा तिकोनी व्यवहाराची बिलं कशी फाडायची, हे एकदा सीएकडून लिहून घ्या. नंतर निस्तरणं महाग पडतं.

'माल खराब निघाला तर जबाबदारी पुरवठादाराची ना?'

ग्राहकाच्या लेखी विक्रेता तुम्ही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार आल्यापासून ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण करावं लागतं. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर हवा. एकट्याचं दुकान असेल तर तो अधिकारी तुम्हीच. वस्तू कोणत्या देशात बनली तेही लिहावं लागतं. ग्राहकाला १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर माहीत असतो, हे धरून चाला.

'भांडवल लागत नाही म्हणतात ना?'

माल भरायला लागत नाही, फिरवायला लागतं. पुरवठादाराला आज पैसे, जाहिरातीला आज पैसे, कुरिअरच्या वॉलेटमध्येही आधी पैसे. सीओडीची रक्कम मात्र पार्सल पोचल्यावर आणखी आठवडाभराने कुरिअर कंपनी तुमच्या खात्यात टाकते. एका ऑर्डरवर आधी गेलेले २१० + ८५ + १२० म्हणजे ४१५ रुपये साधारण १५ दिवस अडकतात. दिवसाला १० ऑर्डरी येऊ लागल्या की १५० ऑर्डरींचे ६२,२५० रुपये बाहेर. पेरणीचा खर्च मृगात आणि पैसा कापूस विकल्यावर, हे कास्तकाराच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. पण ऑर्डरी वाढल्या की पोरं जाहिरात दुप्पट करतात आणि तिसऱ्या आठवड्यात पुरवठादाराला द्यायला पैसे नसतात. माल अडतो, पार्सलं उशिरा जातात, परत येतात. चांगली चाललेली दुकानं अशी बसतात. परत आलेल्या रकमेतूनच पुढच्या आठवड्याची जाहिरात वाढवा, तीही एकदम नको, पंधरा-वीस टक्क्यांनी.

ओटीचा हंगाम दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. त्याच ग्राहकाला पुढे काय लागेल ते डिसेंबरातच फोनवर विचारून ठेवा आणि दुसरी वस्तू त्यातून निवडा. वहीत पिनकोडनिहाय परतीचा रकाना ठेवा. ४४५ ने सुरू होणाऱ्या एखाद्या पिनकोडवर दहातली पाच पार्सलं परत आली, तर तिथे सीओडी बंद करा, फक्त आगाऊ पैसे घ्या. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटला असेल, तर तेवढे दिवस तिथली ऑर्डर घेऊन ठेवा, ग्राहकाला तसं सांगा आणि पार्सल पाणी उतरल्यावर काढा.